सोनचाफ्याची सासू

सोनचाफा लावायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते माझ्या वाईट शिवणकामामुळे. खोटं कशाला बोलू? आर्णीत मी कित्येक वर्षं बायकांचे ब्लाऊज शिवते आहे आणि कित्येक वर्षं माझी डावी बाही उजवीपेक्षा घट्ट होते. का होते, ते मला आजवर कळलेलं नाही. मशीन बदललं, टेप बदलला, चष्मा बदलला, बाही आपली तशीच. गिऱ्हाइकं तरी येतात, कारण मी वेळेवर देते आणि बोलायला बरी आहे. एकदा एका बाईनं माझ्यासमोरच ब्लाऊज घालून पाहिला, हात वर केला, तो अर्ध्यात अडकला, आणि ती म्हणाली, "बाई, यात मले देवापुढं हात जोडता येतील, पण आरती नाई ओवाळता येणार." शहाण्या बाईनं त्या दिवशी शिवण सुधारायला घेतलं असतं. मी झाड लावायचं ठरवलं.

त्यामागं माझं डोकं असं चाललं होतं. ब्लाऊजची घडी घालायची, घडीत सोनचाफ्याचं एक फूल ठेवायचं आणि कागदात गुंडाळून हातात द्यायचं. घरी जाऊन बाईनं पुडकं सोडलं की त्या वासानंच तिचं अर्धं मन भरेल, आणि उरलेल्या अर्ध्या मनानं बाहीची काय तक्रार करणार? या फुलाचा दरारा मी लहानपणी पाहिला होता. मारेगावजवळच्या आमच्या गावात शाळेतल्या एक बाई अंबाड्यात सोनचाफा खोचून यायच्या. त्या फळ्याकडे वळल्या की शेवटच्या रांगेतल्या पोरीही गप्प बसायच्या. मामीच्या शोकेसमध्ये काचेच्या बरणीत, पाण्यात बुडवून ठेवलेलं एक फूल होतं. पाण्यामुळे ते दुप्पट मोठं दिसे. पाहुणे आले की आधी ते फूल दाखवायचे, मग प्यायला पाणी द्यायचे. आणि भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या, की ज्या घरच्या महालक्ष्म्यांच्या वेणीत खरा सोनचाफा असे, त्या घरची बाई दारात अशी उभी राही की हळदीकुंकवाला जाणाऱ्या आम्हाला आपली साडी जुनी वाटायला लागे. भुंगा म्हणे या फुलावर बसत नाही. नसेल बसत. आम्हा बायकांचं त्यावाचून चालत नाही, हे मला माहीत होतं.

रोपं विकणारी गाडी गल्लीत आली तेव्हा मी मशीनवरून उठून धावले. "कलमाचा आहे ना?" मी मोठ्या जाणकारीनं विचारलं, कारण हा एकच प्रश्न मला विचारता येत होता. "कलमाचाच आहे ताई. दोन वर्षांत फुलांनी वाकते पाहा," तो म्हणाला. कलम लवकर फुलतं आणि बीपासून आलेलं झाड वर्षानुवर्षं वाट पाहायला लावतं, कधी कधी तर त्यानंतरही मनावर घेत नाही, हे ज्ञान मला पुढं मिळालं. त्या दिवशी मी रोप छातीशी धरून आत आले आणि खड्डा खणायला घेतला.

आमचं घर म्हणजे पुढच्या बाजूला कृषी केंद्र, म्हणजे बियाणं-खतं-औषधांचं दुकान, मागच्या खोल्यांत आम्ही दोघं, आणि वरच्या मजल्यावर भासरे आणि जाऊबाई. भासरे म्हणजे यांचे थोरले भाऊ. दुकान दोघा भावांचं, आवार दोघांचं, नळ एक. माझं मशीन ज्या खिडकीशी आहे, तिच्यासमोर आवारात मी रोप लावलं. जाऊबाई वरून पाहत होत्या. "मोठं झालं तं दुकानात येणाऱ्या लोकायच्या गाड्या कुठं लागतील?" त्यांनी विचारलं. मी मान वर करून ऐटीत म्हटलं, "ताई, पहिलं फूल तुमच्याच डोक्यात माळीन." बोलायला मला कधी काही कमी पडलेलं नाही.

झाड मात्र वाढलं, बाप्पा! खिडकीवरून गेलं, वरच्या गॅलरीला लागलं, गॅलरीच्याही वर गेलं. पानं ही एवढाली, चकचकीत. बाराही महिने गळायची. आवारात पानं, दुकानाच्या पायरीवर पानं, नालीत पानं, भासऱ्यांच्या चपलेत पान. आणि फूल? नाव नको. गिऱ्हाइकं माप द्यायला आली की खिडकीतून बघून विचारायची, "कायचं झाड हो?" मी म्हणायची, "सोनचाफा." "फुलते का?" "फुलंल ना," मी टेप त्यांच्या छातीभोवती जरा जास्तच आवळून सांगायची.

एका श्रावणातली गोष्ट तर मी स्वतःच गल्लीभर सांगत असते, दुसऱ्या कोणी सांगण्याआधी. सकाळी मशीनवर बसले, वर पाहिलं, तर पानांत पिवळं! "अवो, या! फुललं! फुललं!" मी अशी किंचाळले की फवारणीचं औषध देता देता हे तसेच धावत आले. मागोमाग औषध घ्यायला आलेला माणूसही आला. शेजारच्या दोघी आल्या. मी हळदी-कुंकवाची वाटी घेऊन उभी. जाऊबाई गॅलरीत आल्या, हात लांब करून त्यांनी ते पिवळं तोडलं, नीट निरखलं आणि वरून माझ्या पायाशी टाकलं. मागच्या आठवड्यात मीच शिवलेल्या ब्लाऊजची चिंधी होती. वाऱ्यानं उडून फांदीला अडकलेली. "अस्तरही लावलं हाय का याले?" जाऊबाईंनी विचारलं. औषध घ्यायला आलेला माणूस पार गेटपर्यंत हसत गेला.

त्यानंतर मी हट्टालाच पेटले. जो जे सांगेल ते करायचं. कोणी म्हणालं ताक घाला, मी ताक घातलं. कोणी म्हणालं बुंध्याशी गंजके खिळे पुरा, दुकानातले सगळे खिळे संपले. कोणी म्हणालं मासोळी धुतलेलं पाणी घाला. आमच्या घरात मासोळी शिजत नाही, तेव्हा दोन घरं सोडून पलीकडून झाकलेली बादली आणायची आणि जाऊबाईंना वास आला की आपणच नाक धरून इकडंतिकडं बघायचं. संत्र्याची बाग असलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "ताण द्या. आम्ही संत्र्याले ताण देतो, पाणी तोडतो, मंग बहार फुटते." मी ऐन मे महिन्यात, नवतपाच्या उन्हात, झाडाचं पाणी तोडलं. पानं करपून लोंबायला लागली तशी मीच घाबरले आणि नळाला पाइप लावून असं पाणी सोडलं की दुकानातल्या युरियाच्या खालच्या पोत्याला ओल आली. मग यांच्या मागं लागून दुकानातलं टॉनिक मागितलं. शेतकऱ्याला हे छातीवर हात ठेवून सांगतात, "फवारा, अन् मंग पाहा पराटीले कशा पात्या लागतात!" पराटी म्हणजे कपाशी आणि पात्या म्हणजे तिच्या कळ्या. मला बाटली देताना मात्र म्हणाले, "पाहा बुवा. झाडाचं झाडालेच माहीत."

आता एक गोष्ट सांगते. ती सुरुवातीलाच सांगितली असती तर तुम्ही झाडाची गोष्ट मान वाकडी करून, चेहरा कनवाळू करून ऐकली असती, म्हणून थांबले. आम्हाला मूल नाही. यवतमाळचे डॉक्टर झाले, नागपूरचे झाले. माझ्या सासूबाई आता नाहीत, बाई तोंडाची वाईट नव्हती, पण तिनं उपाय एकही सोडला नाही. ताकात काय काय कालवून मला पाजलं. कुठल्याशा बाबाचा अंगारा पोटाला लावला. कोणाच्या तरी सांगण्यावरून मी महिनाभर अळणी जेवले, म्हणजे मलाही ताण दिला गेला. दर महिन्याला सगळं घर माझ्या तोंडाकडे बघायचं, आणि मी बाजूला बसले की सगळं घर दुसरीकडे बघायचं.

एवढं सगळं जिच्या अंगावरून गेलं, त्या बाईनं एका मुक्या झाडाशी कसं वागावं? मी तेच केलं, आणि मोठ्या उत्साहानं केलं. रोज सकाळी पानं उचलून पाहायची, काही दिसतं का. नाही दिसलं की तोंड वाकडं करून आत यायचं. कोणी आलं की त्याच्यासमोर त्याच्या तक्रारी सांगायच्या. त्याला बिचाऱ्याला सासू नव्हती, ती जागा मी भरून काढली. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं असंही नाही. एकदा ताकाचं भांडं हातात असताना आलं होतं. मी एकटीच हसले आणि भांडं ओतून मोकळी झाले.

मग भासऱ्यांच्या बाहेरगावी नोकरीला असलेल्या मुलानं वडलांना चारचाकी घेऊन द्यायचं ठरवलं. गाडी म्हटली की शेड आलं, शेड म्हटलं की जागा आली, आणि आवारात जागा म्हणाल तर एकच, जिथं माझं झाड उभं होतं. आमच्याकडे थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची रीत नाही. मी यांना सांगते, हे त्यांना सांगतात, तिघंही एकाच खोलीत असलो तरी. तसंच त्या दिवशी झालं. "पेरणीच्या आधी झाड काढून घेऊ. मंग दुकानात गर्दी होते," भासरे म्हणाले. मी यांना म्हटलं, "त्याइले सांगा, यंदा फुलंल." हे भावाकडे वळून म्हणाले, "यंदा फुलंल म्हणते." भासरे म्हणाले, "ऐकलं मी." थोडा वेळ ते बोटानं टेबलावर रेघा ओढत राहिले. मग यांना म्हणाले, "फुलत असतं तं गोष्ट येगळी होती. पेरणीपावतर एक कळी जरी दिसली, तं शेड दुसरीकडं पाहू. नाई दिसली तं मंग तिनंही काई म्हणू नाई."

माणूस वाजवीच बोलला होता, म्हणून मला भांडताही येईना. मी खोलीत आले, साडीला फॉल लावायला घेतला आणि सुई बोटात घुसवून घेतली. मग रडले, आणि सुईमुळे रडले असं स्वतःला सांगितलं. खरं सांगते, मला ते झाड पाहिजे होतं. रोज उठून ज्याच्याशी भांडायचं असं घरात दुसरं कोण होतं? हे तर भांडतच नाहीत.

त्याच आठवड्यात तांड्यावरच्या एक काकू लग्नाचा ब्लाऊज टाकायला आल्या. आर्णीच्या पलीकडं त्यांचा तांडा आहे, शेती आहे, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकावरून माप सांगितलं तरी मला लिहून घेता येईल. झाडाची कथा ऐकून त्या म्हणाल्या, "हात् तिच्या! त्याले भेव दाखवा ना! मायी याडी आंब्याले दाखवे." याडी म्हणजे त्यांची आई. "अवसेच्या सकाळी घरच्या माणसानं कुऱ्हाड उगारायची अन् झाडाले बोलायचं. खाते, पेते, देत काईच नाई, तोडतोच तुले. अन् बाईनं आडवं पडायचं, राहू द्या, यंदा देईल म्हणायचं. झाड ऐकते. भेवानं फुलते. पण माणसानं बोलायचं कसं, लागंल असं. असं वां..." इथं काकू थांबल्या. माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. "म्हणजे असं... रिकामं, असं म्हणायचं," त्या पुटपुटल्या. त्या आवाजात मी त्यांना पहिल्यांदाच बोलताना ऐकलं.

"वांझ म्हणा ना काकू," मी म्हटलं. "मले काय तो शब्द आज भेटून राह्यला?"

काकूंनी माप दिलेलं असूनही पुन्हा हात वर केले आणि मीही मुकाट्यानं पुन्हा माप घेतलं.

यांना तयार करणं सोपं नव्हतं. "मी बियाणं इकणारा माणूस आहो. मी कुऱ्हाड घेऊन झाडामांगं लागलो तं लोक काय म्हणतील?" हे म्हणाले. मी म्हटलं, "लोक मले चिंधीची बाई म्हणतात, मी मेली का?" मग मी जेवणार नाही म्हटलं. मग बोलणार नाही म्हटलं. ही दुसरी धमकी यांना खरी वाटली नसावी, पण शेवटी माणूस हो म्हणाला. शेजारून कुऱ्हाड आणली, तिचं पातं दांड्यावर खुळखुळत होतं, तेव्हा लाकूड फुगावं म्हणून ती रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली. सकाळी गोदामाजवळून जाताना मी ऐकलं, हे आत खताच्या पोत्यांसमोर उभे राहून म्हणत होते, "खाते तू! पेते तू!"

वैशाखातली अवस होती. ऊन वर यायच्या आत आवारात माणसं जमली. काकू तांड्यावरून खास ऑटो करून आल्या होत्या. जाऊबाई पायरीवर चहाचा कप घेऊन बसल्या. भासऱ्यांनी गेटजवळ खुर्ची टाकली आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, आपला या प्रकाराशी काही संबंध नाही असं. गल्लीतली दूध आणायला निघालेली चार माणसं पिशव्यांसकट तिथंच थबकली. मी ठेवणीतली साडी नेसले होते. का, ते विचारू नका.

हे कुऱ्हाड उगारून झाडासमोर उभे राहिले. "काय बाप्पा," झाडाला म्हणाले, "कसं काय?"

"अगा, पाव्हणा हाय का तो तुमचा?" काकू कडाडल्या. "रागवा!"

"खाते तू!" हे ओरडले. "पेते तू! ताक पेते, टॉनिक पेते, आमच्या दुकानातलं सगळ्यात महागाचं पेते!" लोक हसायला लागले. भासऱ्यांचं वर्तमानपत्र हलत होतं. यांना जरा जोर चढला. "सारं आवार पानायनं भरवते! दादाच्या चपलेत पान टाकते! अन् देत काईच नाई! असं तू... असं तू..."

आणि हे थांबले.

पुढचा शब्द आवारात सगळ्यांना माहीत होता. कोणी माझ्याकडे बघेना. एकदम सगळ्यांना आपापल्या चपला दिसायला लागल्या. दुधाला निघालेला एक माणूस गेटच्या कडीशी खेळत राहिला. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "तेवढं सोडा. पुढचं म्हणा." काकू म्हणाल्या, "ते सोडलं तं झाड भेईल कायले? तेच तं लागते त्याले." म्हणाल्या, आणि त्याही खाली बघायला लागल्या.

माझं डोकं फिरलं. झाडाचा जीव एका शब्दावर टांगलेला, आणि ही सगळी माणसं माझ्यासाठी तोंडाला कुलूप लावून उभी! पाठीमागं इतकी वर्षं बोलायला कोणाला संकोच वाटला नाही, आणि आज माझ्या भल्यासाठी एकदा मोठ्यानं बोलायचं तर सगळे मुके. "म्हणा ना!" मी यांच्यावर ओरडले. "कुऱ्हाड कवापावतर धरसाल? एक शब्द तं आहे! म्हणा अन् मोकळे व्हा!"

यांनी कुऱ्हाड खाली केली. "मी नाई म्हणत."

"काहून?"

"या घरात मी तो शब्द कधी काढला नाई," हे म्हणाले. आवाज मोठा नव्हता, दुकानात भाव सांगतात तसाच होता. "मायनं एक बार काढला होता, तू माहेरी गेलती तवा. मी ताटावरून उठलो होतो. तिनं पुन्हा नाई काढला. आता काय झाडासाठी काढू?"

मला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत या माणसानं मला याबद्दल अवाक्षरही सांगितलं नव्हतं. मी त्याला मेणाचा म्हणत आले होते, भांडताही येत नाही म्हणून चिडवत आले होते.

"आता तू तरी तुयं बोल, बाई," काकू म्हणाल्या. "आडवी हो, झाडाले धर." मी पुढं झाले आणि दोन्ही हातांनी खोड धरलं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, राहू द्या, यंदा देईल. आदल्या दिवसापासून पाठ केलं होतं. तोंड उघडलं आणि भलतंच निघालं.

"नाई देत हे फूल," मी म्हटलं. "यंदाही नाई देणार, पुढंही नाई देणार. दिलं तं दिलं, नाई तं नाई. तरी राहू द्या. एवढ्या मोठ्या आवारात नुसतं उभं राह्यलेही जागा नाई का कोणाले? उन्हात उभं हाय, सावली पाडते, कोणाचं काय खाते? दरवर्षी त्याच्या तोंडाकडं काय पाहून राह्यले सगळे? नका पाहू ना! राहू द्या त्याले!"

मला वाटतं याहूनही बरंच बोलले. मी हुंदके देऊन रडत होते, ठेवणीतल्या साडीत, गल्लीसमोर, झाडाला मिठी मारून. वर झाडावरच्या लाल मुंग्या माझ्या बाहीत शिरल्या होत्या आणि कडकडून चावत होत्या, पण मिठी सोडली तर झाड जाईल असं वाटत होतं, म्हणून मी रडत आणि नाचत दोन्ही करत होते.

"अवं, असं नाई म्हणत!" काकू कळवळून ओरडल्या. "देईल म्हण, देईल! असं बोलशील तं ते जलमात फुलायचं नाई!"

भासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "तिले सांग," ते यांना म्हणाले, "मुंग्या चढून राह्यल्या अंगावर."

"ऐकलं मी," मी सरळ त्यांनाच म्हटलं. रीत गेली उडत.

तेवढ्यात जाऊबाई पायरीवरून उठल्या. या बाईशी माझं आयुष्यभर नळावरून, पानांवरून, वाळवणावरून वाजलेलं. त्यांनी कपातला उरलेला चहा झाडाच्या बुंध्याशी ओतला, माझ्या दंडाला धरून मला बाजूला केलं आणि भासऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "गाडी उन्हात उभी राह्यली तं काय वितळते का? सांगा ना. वितळते का?" भासऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि खुर्ची उचलून आत नेली. पिशव्या घेतलेली माणसं दूध आणायला गेली.

शेड शेवटी गोदामाच्या मागं टाकलं. गाडी आत घालताना भासरे दर वेळी मागच्या भिंतीला आरसा घासतात आणि मान हलवतात, पण बोलत नाहीत. झाड अजून फुललेलं नाही. पुढंही फुलेल असं काही मला वाटत नाही. काकू ब्लाऊज न्यायला आल्या की ठासून सांगतात, सगळी माझ्या तोंडाची करणी, त्यांच्या याडीचा आंबा दुसऱ्याच वर्षी लागला होता. मी म्हणते, "होय काकू." ताक-बिक घालणं मी बंद केलं आहे. सोनचाफ्याचा वास घ्यावासा वाटला की यवतमाळला गेल्यावर बाजारातून फूल आणते, आणि ते माझ्या झाडाचं आहे असं कोणाला सांगत नाही.

त्या अवसेच्या दुपारची एक गोष्ट राहिली. दुकान बंद करून हे जेवायला आले, जेवले आणि चुन्याची डबी घेऊन माझ्यासमोर बसले. माझे दोन्ही हात खांद्यापर्यंत सुजले होते. हे बोटानं एकेका गांधीवर चुना लावत होते, आणि मी ओरडले की फुंकर घालत होते.

"तुमाले कधीच नाई वाटलं का," मी विचारलं, "तो शब्द बोलावा म्हून? रागारागात तरी?"

"नाई," हे म्हणाले. पुढच्या गांधीला चुना लावला. मग खाली बघतच म्हणाले, "लेकरू पाहिजे होतं, ते मात्र वाटलं. लय वाटलं. अजूनही एखादा माणूस पोट्ट्याले घेऊन दुकानात येते, ते पोट्टं बियाण्यात हात घालते, तं वाटते."

इतकी वर्षं आम्हाला सगळ्यांनी विचारलं होतं, काही आहे का, काही केलं का, कोणाला दाखवलं का. आम्हाला मूल पाहिजे होतं, एवढं साधं वाक्य आम्ही दोघं एकमेकांशी कधी बोललो नव्हतो. त्याला वाईट वाटेल म्हणून मी नाही, मला वाईट वाटेल म्हणून तो नाही. आहे ते बरं आहे, असं म्हणत दिवस काढले होते.

"मले पोरगी पाहिजे होती," मी म्हटलं.

यांनी डबीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "मलेही पोरगीच," हे म्हणाले.